चित्र परत आलं

१

नायदेन काका गेल्याचं सोमवारी सकाळी कळलं, तेव्हा आमच्या जिन्यात पहिला प्रश्न आला तो असा: "मग कार्डाचं काय?"

विचारणारी मी नव्हते. माझ्याही जिभेवर तो होताच, तिसऱ्या मजल्यावरच्या गिंका आजीने तो आधी काढला एवढंच.

डॅन्यूबच्या काठावरची आमची इमारत सहा मजली. भिंती इतक्या पातळ की शेजारी कांदा चिरला तर आपले डोळे भरून येतात. माणसं एकमेकांचं सगळं ऐकतात आणि काहीच ऐकलं नाही असं म्हणतात. या जिन्याला एकत्र बांधणारी गोष्ट एकच होती, ती म्हणजे नायदेन काकांचं कार्ड.

पैसे भरून बघायच्या वाहिन्यांचं चित्र कुलूपबंद येतं. त्याची किल्ली कार्डातून निघते आणि दर काही सेकंदांनी बदलते. काकांनी स्वतःच्या नावावर रीतसर कार्ड घेतलं होतं, एकच. ते एका साबणाच्या वडीएवढ्या यूएसबी अ‍ॅडॉप्टरमध्ये खोचलेलं असे. अ‍ॅडॉप्टर स्वयंपाकघरातल्या टेबलाखालच्या जुन्या संगणकाला जोडलेला. संगणकात लिनक्स. तिथून निघालेल्या वायरी डक्टमधून खाली सगळ्या घरांत आणि तळमजल्यावरच्या कॅफेत. कार्ड किल्ली द्यायचं, संगणक ती सगळ्यांना वाटायचा आणि अख्खा जिना फुकटात फुटबॉल बघायचा. हे अर्थातच बेकायदा होतं. त्यामुळे त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नसे. बोलणं व्हायचं ते फक्त चित्र अडकल्यावर, काकांच्या दारात, शिव्या देत.

प्रेत सापडलं ते सावकाला. ही शेजारच्या खेड्यातली, चाळिशी उलटलेली विधवा. काकांशी तिचा करार होता, इकडे बऱ्याच एकट्या म्हाताऱ्यांचा असतो तसा: मरेपर्यंत मला सांभाळ, मग घर तुझं. रविवारी तिने त्यांना जेवायला वाढलं आणि दुपारच्या बसने ती गावी गेली. सोमवारी येऊन दार उघडलं तर काका स्वयंपाकघराच्या फरशीवर, गार पडलेले.

डॉक्टरांनी मृतदेह चादरीत गुंडाळून खाली नेला आणि जिन्यात उभ्या असलेल्या आम्हाला सांगितलं, "हृदयाचा झटका. पण लगेच गेले नाहीत. बराच वेळ पडून होते. रात्रीपर्यंत जिवंत असतील. जवळ कोणी असतं तर वाचले असते."

"कोणी होतं की," स्पिरो सर म्हणाले.

स्पिरो सर म्हणजे शाळेतले निवृत्त पीटीचे शिक्षक, आमच्या जिन्याचे व्यवस्थापक आणि काकांचे समोरचे शेजारी. गावातल्या निम्म्या लोकांना प्रथमोपचार त्यांनी शिकवला आहे, रबरी बाहुल्याच्या छातीवर दाब देऊन. त्यांच्या शब्दाला वजन आहे, ते बोलतातही वजन टाकून.

"जेवणाच्या वेळी यांचं भांडण मी ऐकलं," ते सावकाकडे बोट करून म्हणाले. "मग ही बाई धावत बसला गेली. म्हातारा तेव्हाच पडलेला असणार. हिने तसाच टाकला. घराची घाई झाली होती."

"मी निघाले तेव्हा ते मिरच्या भाजत होते," सावका म्हणाली.

"आणि भांडण?"

"रस्सा खारट झाला म्हणून."

कोणी हसलं नाही. दुपारपर्यंत पोलीस सावकाला घेऊन गेले. म्हाताऱ्याला मरायला सोडून गेली हे सिद्ध झालं तर करार मोडणार, घर पुतण्याला जाणार आणि ही तुरुंगात जाणार. ती निर्दोष आहे हे दाखवणारी एक गोष्ट आम्ही सगळ्यांनी रविवारी आपापल्या डोळ्यांनी पाहिली होती.

आणि ती सांगायला एकही जण तयार नव्हता.

२

तपासाला आलेल्या दानचेवाबाई पन्नाशीच्या, जाडजूड, सतत सूर्यफुलाच्या बिया खाणाऱ्या. सालं मात्र रुमालात जमा करायच्या, जमिनीवर एक टाकायच्या नाहीत. अशा बाईपासून जपून राहावं, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. मी जपून राहिलेही, फार वेळ जमलं नाही.

त्या प्रत्येक दारात जाऊन एकच प्रश्न विचारत होत्या. रविवारी दुपारी काय करत होतात?

"मॅच बघत होतो."

"कुठल्या वाहिनीवर?"

"सरकारी."

सगळ्यांचं उत्तर हेच. शेवटी त्या माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या, मी दिलेली चीज भरलेली बनित्सा खाल्ली, तिची तारीफ केली आणि म्हणाल्या, "लिल्याताई, रविवारी सरकारी वाहिनीवर दुपारभर लोकनृत्यं होती. माझ्या सासूने पाहिली. तुमच्या जिन्यात मात्र प्रत्येकाला त्यात पेनल्टी दिसली."

मी टेबल पुसायला घेतलं.

"ते पुसलेलंच आहे," त्या म्हणाल्या. "हे बघा, तुमच्या वाहिन्यांशी मला देणंघेणं नाही. पण एक बाई कोठडीत बसली आहे, आणि इथे काय झालं ते विचारलं की सगळा जिना मला नाच दाखवतोय."

मग मी सांगितलं. सांगावंसं वाटलं म्हणून नव्हे. त्यांनी दुसरा तुकडा उचलला होता, आणि त्या उठणार नाहीत हे दिसत होतं.

मॅचचा उत्तरार्ध चालू होता. आपल्या संघाला पेनल्टी मिळाली. चेंडू ठेवला गेला, खेळाडू पंचाभोवती गोळा होऊन हुज्जत घालू लागले आणि चित्र गोठलं. एकाच क्षणी, सगळ्या घरांत. माणसं बाल्कन्यांमध्ये आली. वरपासून खालपर्यंत एकच हाक, "नायदेन". काकांच्या आईपासून त्यांच्या कुत्र्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार झाला. काकांकडे कुत्रा नव्हता.

"मग?"

"मग चित्र परत आलं. शिव्या संपायच्या आत."

"आणि सावका?"

"ती तेव्हा बसमध्ये होती. मॅच सुरू व्हायच्या आधीच गेली. मी तिला पिशवी घेऊन जाताना पाहिलं."

"वर जाऊन कोणी बघितलं नाही?"

"गिंका आजी काठी टेकत गेली होती. बेल वाजवली. आत पावलं वाजली म्हणे, आणि तेवढ्यात खालून ओरडा झाला की चित्र आलं. ती परत फिरली." मी ताटली त्यांच्याकडे सरकवली. "चित्र आलं की नायदेन काका ठीक आहेत, असं आम्ही धरूनच चालतो. ते बिघडलेलं दुसरं कोणी दुरुस्त करूच शकत नाही ना."

दानचेवाबाईंचं बिया सोलणं थांबलं. त्यांनी खिशातून एक छोटी पारदर्शक पिशवी काढून टेबलावर ठेवली. तिच्यात निळ्या चिकटपट्टीचा चुरगळलेला तुकडा होता, वायरींना गुंडाळतात तसल्या.

"हे मृताच्या मुठीत होतं," त्या म्हणाल्या. "चला वर."

३

काकांच्या स्वयंपाकघरात संगणक अजून गुरगुरत होता. काकांना पुरलं होतं, दारावर त्यांचा फोटो छापलेली मृत्युसूचना चिकटवली होती, आम्ही सगळ्यांनी त्यांच्या नावाने गोड शिजवलेला गहू खाल्ला होता. पण मशीन बंद करायचा विषय कोणी काढला नव्हता. मृताच्या इच्छेचा मान राखावा, असं स्पिरो सर म्हणाले होते.

दानचेवाबाई गुडघ्यांवर बसल्या. अ‍ॅडॉप्टरच्या वायरीवर निळ्या पट्टीचा फाटका तुकडा लोंबत होता. पिशवीतला तुकडा शेजारी धरला. कडेला कड बसली.

"आता ऐका," त्या तिथेच बसून म्हणाल्या. "म्हातारा इथे पडला. ओरडता येत नाही, फोन आतल्या खोलीत चार्जिंगला. दारापर्यंत जाणं शक्य नाही. हात पोचतो फक्त या वायरीला. हे ओढलं की काय होतं, ते त्याला जन्मभराच्या अनुभवाने माहीत होतं."

"जिना दारात येतो," मी म्हटलं.

"बरोबर. त्याने वायर उपटली. तुम्ही शिव्या देत होतात तेव्हा तो तुम्हाला मदतीला बोलावत होता."

मी खुर्ची ओढून बसले.

"आणि जिना आलाही," त्या म्हणाल्या. "एक जण किल्लीने दार उघडून आत आला. म्हाताऱ्याच्या मुठीतून वायर सोडवली, पट्टीचा तुकडा मुठीतच राहिला. वायर परत लावली आणि निघून गेला. गिंका आजीने ऐकली ती त्याची पावलं. नायदेन तेव्हा फरशीवर पडून होता, जिवंत."

"पण नुसतं परत लावून चित्र येत नाही," मी म्हटलं. "काका किती वेळा कुरकुरायचे."

"माहीत आहे. माझ्या दिराकडे हेच आहे." त्या थांबल्या. "म्हणजे होतं. म्हणजे मी त्याला फारशी ओळखत नाही. हा अ‍ॅडॉप्टर चालू असताना उपटून परत लावला की लिनक्स त्याला नवा नंबर देतो, आणि कार्डाचा प्रोग्राम जुन्याच नंबराची वाट बघत बसतो. त्याला नवा नंबर सांगावा लागतो. ज्याने लावलं त्याला हे येत होतं. कोणाला येतं?"

"काकांना."

"ते पडलेले होते. दुसरं कोण?"

नाव माझ्या तोंडातून निघालं ते निघालंच. "कामेन. पुतण्या. काकांनी एकट्यालाच शिकवलं होतं."

करार मोडला तर घर ज्याला मिळणार होतं, तो.

४

कामेन खालच्या कॅफेत काउंटर सांभाळतो. आम्ही गेलो तेव्हा तो ग्लास पुसत होता. तो ग्लास त्याने आम्ही निघेपर्यंत पुसला.

"रविवारी मी घरी होतो. एकटा. झोपलेलो," तो म्हणाला.

"मॅच चालू असताना कॅफे बंद?" दानचेवाबाई म्हणाल्या. "मग वर्षात उघडता कधी?"

"डोकं दुखत होतं, मॅडम."

"अजून दुखेल. काका मेले त्या वेळी चावी असलेला, मशीन येणारा, घराचा वारस असलेला माणूस घरी एकटा झोपला होता. मी असते तर याहून चांगलं खोटं शोधलं असतं."

कामेनने कोपऱ्यातल्या मोठ्या टीव्हीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. घरी चोरून बघितलं तर दंड, पण कॅफेत गिऱ्हाइकांना दाखवलं तर कॅफेच गेला.

"इथेच होतो," तो पुटपुटला. "कॅफे भरलेला होता. चित्र गोठलं तसे लोकांनी मला शेंगदाणे फेकून मारले. विचारा कोणालाही. मी काउंटर सोडला असता तर त्यांनी बाटल्या उचलल्या असत्या. काकांना फोन लावला. वाजत राहिला."

"मग?"

"मग चित्र आलं." तो ग्लासाची कड पुसत राहिला. "मी फोन ठेवला. म्हटलं म्हातारा मशीनपाशी असेल, म्हणून उचलत नाही."

दोन गिऱ्हाइकांनी खालमानेने दुजोरा दिला, एकाने शेंगदाणे मारल्याबद्दल माफीही मागितली. म्हणजे कामेन नव्हता.

"दुसऱ्या कोणाला हे मशीन चालवता येतं?"

"कोणालाच नाही. काका हात लावू द्यायचे नाहीत."

"शरदात ते गावी जायचे ना, राकिया दारू गाळायला?"

"दर वर्षी. भट्टीवर नंबर लागेपर्यंत तिकडेच मुक्काम."

"त्या दिवसांत चित्र बिघडलं तर तुला बोलवायचे?"

कामेन तोंड उघडून राहिला. "नाही," तो म्हणाला. "कधीच नाही."

शरदात फुटबॉलचा हंगाम ऐन रंगात असतो. त्या दिवसांत चित्र एक-दोनदा अडकायचं आणि परत यायचं, हे मलाही आठवलं. काका नसताना घरात कोण जायचं? गिंका आजी मांजराला दूध द्यायला जायची. स्पिरो सर कुंड्यांना पाणी घालायला जायचे. किल्ली दोघांकडेही. आजीला रिमोटची बटणं दिसत नाहीत, आणि सर तर सगळ्यांना सांगत असतात की मला मोबाइलसुद्धा लावता येत नाही, पोरंच लावून देतात.

"पुढची मॅच कधी?" दानचेवाबाईंनी विचारलं.

"या रविवारी," कामेन म्हणाला. "उपांत्य सामना."

"छान. मी येते बघायला."

५

रविवारी आम्ही दोघी काकांच्या घरात गुपचूप बसलो. मी सामानाच्या कोनाड्यात, दानचेवाबाई दाराआड. भिंतींमधून सगळ्या घरांतली मॅच ऐकू येत होती. दानचेवाबाईंनी बिया आणल्या नव्हत्या. त्यावरून मला कळलं, आज काहीतरी होणार.

भिंतीपलीकडे आवाज चढला. कोणीतरी "फ्री किक" म्हणालं. दानचेवाबाईंनी वाकून अ‍ॅडॉप्टर उपटला आणि हातात धरून परत दाराआड उभ्या राहिल्या.

किल्ली बदलायला काही सेकंद लागतात, तेवढा वेळ मॅच चालू राहिली. मग सगळ्या घरांतला आवाज एकदम बंद पडला. बाल्कन्यांची दारं आपटली. आणि खालून, सवयीने, कोणीतरी ओरडलं, "नायदेन".

ओरडणाऱ्यालाच ते ऐकू आलं असावं. क्षणभर सगळी इमारत गप्प झाली.

मग काकांच्या दाराला किल्ली लागली.

स्पिरो सर आत आले. पायात सपाता. बेल नाही, हाक नाही, कोणी आहे का म्हणून बघणं नाही. स्वयंपाकघर अरुंद आहे. शेगडी आणि टेबल यांच्यामधून एकच वाट मशीनकडे जाते. ते भरभर आले, टेबलापाशी पोचले आणि तिथे त्यांनी पाय उंच उचलला. मोठी ढांग टाकली. फरशीवर काहीही नव्हतं. मग गुडघे टेकून ते टेबलाखाली चाचपू लागले.

"हे शोधताय का, सर?" दानचेवाबाईंनी अ‍ॅडॉप्टर पुढे धरला.

सर सावकाश उठले. कपडे झटकले. "कुंड्यांना पाणी घालायला आलो होतो."

"टेबलाखाली? असू दे. आत्ता ओलांडलंत काय?"

"कुठे?"

"इथे. शेगडीजवळ. पाय उचललात."

सरांनी फरशीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मी पाहिला नसता तर बरं झालं असतं.

"नायदेन नेमका कुठे पडला होता, हे सावकाने पाहिलं, डॉक्टरांनी पाहिलं आणि त्यांनी ते मला सांगितलं," दानचेवाबाई म्हणाल्या. "बाकी जिन्याने फक्त चादर पाहिली. तुम्ही मात्र अजून त्याला ओलांडताय."

मग सर बोलले ते वर्गात बोलायचे त्याच आवाजात, स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"तो बोलत होता."

"काय बोलत होता?"

"माझं नाव."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, थांब नायदेन. एवढी पेनल्टी होऊ दे."

माझ्या हातातून कोनाड्यातली बरणी पडता पडता राहिली. लाल मिरचीची होती, काकांनी स्वतः भाजलेली, सावका निघाली त्या दुपारची.

"पेनल्टी झाली," दानचेवाबाई म्हणाल्या. "मग का नाही आलात?"

"मग मॅच बरोबरीत होती. म्हटलं संपली की येतो." त्यांनी टेबलाची कड धरली. "संपली तेव्हा वाटलं, आता गेलो तर लोक विचारतील, आधी का नाही आलास. मग उशीर होत गेला. जितका उशीर झाला तितकं जाणं अवघड झालं."

"आणि सकाळी सावका आली. सोपं झालं."

गाव ज्यांच्याकडून छातीवर दाब द्यायला शिकलं, ते आपले दोन्ही हात बघत उभे होते.

"एक सांगा," दानचेवाबाईंनी विचारलं. "पेनल्टीचं काय झालं? मी पाहिली नाही."

"बाहेर गेली," सर म्हणाले.

त्यांना घेऊन आम्ही जिन्यात आलो तेव्हा सगळी दारं उघडी होती. कोणी विचारलं नाही की पोलीस सरांचा दंड धरून का नेत आहेत. फक्त गिंका आजी काठीवर भार टाकून पुढे झाली.

"सर," ती म्हणाली, "तेवढं चित्राचं बघून जाता का?"

६

सावकाला सोडवायला आम्हा सगळ्यांना सही करावी लागली, की रविवारी आम्ही काय बघत होतो आणि कोणाच्या कार्डावर. दंड बसला. कामेनचा कॅफे दोन महिने बंद राहिला. सरांचा खटला चालू आहे, त्यांची समोरची खिडकी अंधारी असते.

करार टिकला आणि घर सावकाचं झालं. ती परत आली त्या दिवशी तिच्या दाराशी बनित्साची ताटं लागली, माझंही त्यात होतं. तिने सगळी आत घेतली, धुऊन परत केली. रिकामी. आमच्याकडे भांडं कोणी रिकामं परत करत नाही. तिने केलं आणि आम्ही निमूट घेतलं.

मग तिने कामेनला बोलावून मशीन शिकून घेतलं. नव्या नंबराची भानगडसुद्धा. चित्र पुन्हा आलं, सगळ्या घरांत, आणि त्याबद्दल तिने कोणाकडून काही मागितलं नाही. जिन्यात कुजबुज झाली की बाई मनाने मोठी आहे. मी तेव्हाच म्हटलं होतं, थांबा जरा.

पहिल्या मॅचला, ऐन पेनल्टीच्या वेळी, चित्र गोठलं.

बाल्कनीत कोणी आलं नाही. शिवी कोणी दिली नाही. सगळी दारं उघडली आणि अख्खा जिना धावत वर गेला, सपाता, काठ्या, गाउन, सगळं. दारात सावका उभी होती, हाताची घडी घालून. तिने आमच्यातल्या एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. घाई न करता.

"जिवंत आहे," ती म्हणाली. "जा."

आता प्रत्येक पेनल्टीला असं होतं. मागच्या वेळी दुसऱ्या मजल्यावरचा एक जण आला नाही, गुडघा दुखतो म्हणे. सावका दारात उभी राहिली, काही बोलली नाही, चित्रही आलं नाही. शेवटी आम्ही त्याला खुर्चीसकट वर आणून तिच्यासमोर ठेवलं. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि दार लावलं.

खाली येऊन बसेपर्यंत चित्र परत आलेलं असतं. पेनल्टी मात्र होऊन गेलेली असते. ती आत गेली की बाहेर, हे आमच्या जिन्यात तेव्हापासून एकानेही पाहिलेलं नाही.